दाब, धर, सोड

गल्लीत तिला सगळे मामी म्हणत. तसा तिला भाचा एकच. तो शिकायला म्हणून काही वर्षं घरी राहिला, नोकरी लागली तसा लांब निघून गेला. पण जाताना हे नाव गल्लीत ठेवून गेला. दूधवाला मामी म्हणायचा, इस्त्रीवाला मामी म्हणायचा, वयाने चांगले थोर असलेले शेजारचे हेडमास्तरही मामीच म्हणायचे. आणि तिच्या नवऱ्याला हातपाय न हलवता आपोआप मामापद मिळालं.

मामा औषधांच्या कंपनीत होते आणि कायम फिरतीवर असायचे. आज या गावच्या डॉक्टरच्या दाराशी, उद्या त्या गावच्या. माणूस गोड. बोलायला लागले की दगडाला पाझर फुटावा. पण घरातला बल्ब गेला तर तो बदलायचा असतो, हे त्यांच्या गावीही नसे. मिणमिणत्या उजेडात ते शांतपणे जेवत आणि वर म्हणत, "आज जरा डोळ्यांना बरं वाटतंय, नाही?"

मामी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. यंत्राशी तिची ओळख ती शिवणयंत्रापुरती. तेल घालणं, पट्टा ओढून घेणं, दोरा अडकला की खालची डबी काढून साफ करणं हे तिला यायचं, पण त्याला कुणी दुरुस्ती म्हणत नसे. घरात काही मोडलं, की चारचौघींसारखी तीही म्हणायची, "हे आले की सांगते." मग हे यायचे, ती सांगायची, हे "बघतो" म्हणायचे, आणि बघायच्या आत बॅग उचलून निघायचे.

हे सगळं बदललं ते बाथरूममध्ये.

लेक तेव्हा नुकती रांगायला लागली होती. मामा फिरतीवर. मामीने दूध मंद गॅसवर ठेवलं, लेकीला दाराबाहेर सतरंजीवर खेळणी देऊन बसवलं आणि दोन तांबे अंगावर ओतून घ्यायला आत गेली. आंघोळ झाली, कपडे झाले, दाराची मूठ फिरवली, तर मूठ सरळ हातात आली. दार जिथल्या तिथे. बाहेर लेकीने आधी नुसते आवाज काढले, मग सूर लावला, मग तो सूर सरकत सरकत स्वयंपाकघराकडे जायला लागला.

मामीने हाका मारून पाहिल्या. बाथरूमची खिडकी मागच्या भिंतीकडे उघडायची आणि मागची भिंत काही उत्तर देईना. दाराला खांदे देऊन झाले. दार हललं नाही, खांदा मात्र दुखायला लागला. पोर गॅसपाशी गेली असेल, दूध उतू जाईल, ज्योत विझेल, गॅस सुटेल, असं एकामागून एक डोळ्यांपुढे यायला लागलं. ती खाली बसली. खाली बसल्यावर तिला दाराची दुसरी बाजू दिसली. म्हणजे कडीची नाही, बिजागऱ्यांची.

दार आत उघडणारं असल्यामुळे बिजागऱ्या आतच होत्या. इतकी वर्षं ती त्या बघत आली होती, पण बघितल्या त्या दिवशी. दोन पत्रे, आणि त्यांना ओवून ठेवलेली एक खीळ. शिवणाच्या बाईला ओवलेलं उसवायला कुणी शिकवायला नको. टॉवेल अडकवायचा भिंतीतला हुक कित्येक दिवस लटपटत होता आणि त्याबद्दल ती नवऱ्याला सांगणारच होती. तो तिने पिळून बाहेर काढला. टाच घासायचा दगड हातोडीसारखा धरला. हुकाचं टोक खिळीखाली टेकवून वर ठोकत राहिली. पहिली खीळ गंजलेली होती, ती हलायलाच तयार नव्हती. मग तिच्यावर खोबरेल तेलाची अख्खी बाटली उपडी केली. खीळ वर आली. दुसरी आली. तिसरी आली तसं दार तिच्या अंगावर पडलं, आणि ते पाठीवर घेऊनच ती बाहेर निघाली.

लेक जेवणाच्या टेबलाखाली बसून स्वतःच्या पायाचा अंगठा चोखत होती. दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलं होतं आणि करपल्याचा वास घरभर झाला होता. ज्योत बिचारी जळत होती. मामीने गॅस बंद केला, लेकीला उचललं, आणि मग ती रडली. मात्र त्याच संध्याकाळी तिने दार परत बसवलं, आणि ते बसवताना तिला जे वाटलं ते रडण्यासारखं नव्हतं. तिन्ही खिळी जागच्या जागी गेल्या आणि दार अगदी आवाज न करता झुललं. ती ते उगाचच चार वेळा उघडझाप करत राहिली.

मामा परत आल्यावर तिने सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी लेकीला छातीशी धरलं आणि शपथ घेतली, की उद्याच्या उद्या सुतार आणतो. मामी म्हणाली, "सुतार नको. मला एक पक्कड आणि दोन पेचकस आणून द्या."

तिथून ती सुरू झाली. सुरुवात काही फार दिमाखदार नव्हती. गळका नळ दुरुस्त करायला घेतला तेव्हा वरच्या टाकीचा कॉक बंद करायचा असतो हे तिला नळ हातात आल्यावर कळलं. खिडक्यांना रंग दिला तो इतका मन लावून, की दोन खिडक्या चौकटीला चिकटून बसल्या आणि त्या वर्षी पुढच्या खोलीत वारा आलाच नाही. फ्लशच्या टाकीतला फुगा तिने असा काही वाकवला, की तीन दिवस टाकी रात्रंदिवस गुणगुणत होती. पण चुकलं की ती पुन्हा उसवायची. शाळेतल्या मुलींना ती हेच सांगायची, की वाकडी शिवण झाकून नीट होत नाही, उसवूनच होते. हळूहळू घरातले नळ, कड्या, बटणं, कूलर, इस्त्री सगळं तिच्या हाताखाली आलं. हे आले की सांगते, हे वाक्य घरातून गेलं ते गेलंच.

मग मामांनी गाडी आणली.

विचारून नाही. एक दिवस दारात हॉर्न वाजला आणि मामी बाहेर येऊन बघते तर मामा एका फिकट निळ्या, जुन्या गाडीत राजासारखे बसलेले. एका डॉक्टरने विकायला काढली होती म्हणे, आणि डॉक्टरची गाडी म्हणजे प्रकृती ठणठणीतच असणार. ती प्रकृती पहिल्याच आठवड्यात कळली. गाडी चढावर दमायची, उतारावर खोकायची आणि सिग्नलला थांबली की तिथेच डोळे मिटायची. घराला लागून सामान ठेवायची एक अरुंद खोली होती. ती रिकामी करून, दार मोठं करून तिचं गॅरेज झालं, आणि गाडी रस्त्यापेक्षा तिथेच जास्त राहायला लागली.

कोपऱ्यावर एक मिस्त्री होते. पोटाने मोठे, आवाजाने त्याहून मोठे. गाडी त्यांच्याकडे गेली की आठ दिवस यायची नाही, आणि आली की दुसरंच काहीतरी वाजायचं. मामीने शेवटी तिथेच स्टूल टाकून बसायचं ठरवलं. शाळा सुटली की ती पिशवीसकट तिथे हजर. मिस्त्रींना आधी ती अडचण वाटली, मग गंमत वाटली, मग तिच्याशी बोलण्यात त्यांचा वेळ बरा जायला लागला. त्यांना शिकवण्यापेक्षा ओरडण्यात जास्त रस होता, पण ओरडताना ते सगळं सांगून टाकायचे. कुणी प्लगच्या वायरी उलट्या लावल्या की ते जो काही उद्धार करायचे, त्यातून त्या सुलट्या कशा लावतात हे स्टुलावर बसलेल्या माणसाला नीट समजायचं.

पहिल्यांदा तिने इंजिनाचं ऑइल स्वतः बदललं तो दिवस गल्ली अजून विसरलेली नाही. जुनं काढलं, नवं भरलं, हात धुतले आणि विजयाची एक फेरी मारून यावी म्हणून ती गाडी घेऊन निघाली. खालचा नट तिने हाताने लावला होता. पान्याने आवळायचा राहिला होता. गल्लीच्या तोंडापर्यंत एक काळी, चकचकीत रेघ उमटत गेली. त्या रेघेवर पहिला पाय पडला हेडमास्तरांचा. ते हातात भाजीची पिशवी घेऊन येत होते, ते एकदम बसलेच, आणि बसल्या बसल्या थोडे पुढेही गेले. वांगी गल्लीभर झाली.

मामी परत आली ती गाडी ढकलत. हेडमास्तर ओट्यावर बसून पायजमा निरखत होते. तिने माफी मागितली. ते म्हणाले, एवढ्या वर्षांत मी पुष्कळ मुलांना चुकलेली वाक्यं पुसायला लावली आहेत, आता तुम्ही ही रेघ पुसा. मग मामीने लाकडाच्या वखारीतून भुशाचं पोतं आणलं, गल्लीभर भुसा पसरला, झाडला, साबणाने रस्ता घासला. हेडमास्तर खुर्ची टाकून देखरेखीला बसले होते आणि अधूनमधून बोटाने दाखवत होते, इथे राहिलं, तिथे राहिलं. गाडी दुरुस्त करताना तिने पुढे नट दोनदा आवळले, तिसऱ्यांदा हात लावून पाहिले.

लेक मोठी होत गेली ती याच गॅरेजमध्ये. अभ्यास तिथेच, चहा तिथेच. गाडीखालून आईचे पाय दिसत आणि आवाज येई, "चौदाचा पाना दे," आणि लेक पुस्तकातून डोकं वर न काढता नेमका तो पाना सरकवून देई. मामांना हे बघून अभिमानही वाटायचा आणि कुठेतरी अवघडल्यासारखंही व्हायचं. कुणी म्हणालं, "काय मामा, बायको गाडीखाली आणि तुम्ही गादीवर?" तर ते हसून म्हणायचे, "ज्याचं त्याचं दुकान." ते हसायचे खरे, पण त्यानंतर जरा वेळ गॅरेजकडे फिरकायचे नाहीत.

लेक शिकली, तिचं लग्न झालं, ती दुसऱ्या शहरात गेली. मामीने शाळा सोडली. आणि मग, एकदाची, मामांची फिरती थांबली. ते निवृत्त होऊन कायमचे घरी आले.

इथून पुढचं कुणी धरूनच चाललं नव्हतं. मामीला वाटलं होतं, आता हे निवांत होतील. मामांनाही तेच वाटलं होतं. पण जो माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या दारात बसला, त्याला स्वतःच्या घरात कुठे बसावं ते कळेना. सकाळी पेपर वाचून व्हायचा, मग ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचे. मामी स्टुलावर चढून पंख्याचं काहीतरी करत असली की खाली उभे राहायचे आणि विचारायचे, काही धरू का. ती म्हणायची, नको, झालंच. गॅरेजमध्ये यायचे, पाने बघायचे, एखादा उचलून बघायचे आणि चुकीच्या जागी ठेवायचे. ती तो उचलून बरोबर जागी ठेवायची. ते दोघांनाही दिसायचं.

एकदा मामी पेन्शनच्या कामासाठी शाळेत गेली होती. बाहेर तिला उशीर झाला. इकडे मामांच्या मनात आलं, की ही येईपर्यंत भिंतीवर एक फळी ठोकून ठेवावी. बरेच दिवस ती म्हणत होती, मसाल्याच्या डब्यांना स्वयंपाकघरात जागा नाही. ड्रिल कुठे असतं ते त्यांना माहीत होतं. ते कसं चालतं ते त्याच्यासोबतच्या पुस्तिकेत चित्रासह दिलं होतं. त्यांनी पेन्सिलीने खूण केली, चष्मा पुसला आणि मशीन लावलं. पहिलं भोक सुंदर पडलं. दुसरं भोक त्याहून सुंदर पडलं, आणि त्यातून पाण्याची धार सुटून थेट त्यांच्या कपाळावर बसली.

मामी घरी आली तेव्हा पुढचं दार उघडं होतं आणि आतून हाक येत होती. हाक घाबरलेली नव्हती, थकलेली होती. स्वयंपाकघरात मामा भिंतीला तळहात लावून उभे होते. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले. हात काढला की धार, हात लावला की बोटांच्या फटींतून पाणी. जमिनीवर डबे तरंगत होते.

तिने पिशवी टाकली आणि आधी मागच्या अंगणात पळाली. मेन कॉक फिरवला. भिंतीतली धार बारीक झाली, ठिबकली, थांबली. मामांनी तरी हात काढला नाही.

"काढा आता," ती म्हणाली.

त्यांनी काढला. तळहात सुरकुतून पांढराफटक पडला होता.

"कधीपासून उभे आहात?"

"तू गेलीस आणि थोड्या वेळाने."

"अहो, मग कॉक बंद नाही का करायचा?"

मामांनी भिजलेला चष्मा काढला. मग म्हणाले, "कुठे आहे तो?"

मामीला आधी हसू आलं, आणि ते ओठांवर येता येता थांबलं. घर बांधल्यापासून हा माणूस या घरात राहत होता. ते खुर्चीवर बसले. कपाळावरून पाणी निथळत होतं तसेच बसले आणि म्हणाले, "खरं सांगू? मी इथे पाहुण्यासारखा राहिलो. यायचो, जेवायचो, झोपायचो, जायचो. मला या घरातलं काही म्हणता काही माहीत नाही. आता आलो कायमचा, तर मला काही करायला उरलेलंच नाही. तू सगळं संपवून ठेवलंस."

ते रागाने बोलले नव्हते. रागाने बोलले असते तर मामीकडे चार उत्तरं होती, आणि चारही वर्षानुवर्षं परजून ठेवलेली. त्यातलं एकही न काढता तिने फडकं घेतलं. जमिनीवरचं पाणी पुसता पुसता तिच्या एक गोष्ट ध्यानात आली, जी तिला फारशी आवडली नाही. तो कॉक कुठे आहे हे तिने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही हे खरं. पण न सांगण्यात तिलाही एक सुख होतं. सगळ्या घराच्या किल्ल्या आपल्याच कमरेला, असं ते सुख.

तिने फडकं पिळलं आणि म्हणाली, "चला. चपला घाला."

मग तिने त्यांना घर दाखवलं. नवीन भाडेकरूला दाखवतात तसं. मेन कॉक, टाकीचा कॉक, विजेचा मेन स्विच, कोणता फ्यूज कोणत्या खोलीचा, गच्चीवरचं पाणी उतरायची जागा, गटाराचं झाकण. भिंतीतून पाइप कुठून कसा जातो ते तिने खडूने भिंतीवरच काढून दाखवलं. मामा सगळीकडे वाकून बघत होते आणि प्रत्येक गोष्टीला हात लावत होते. मेन कॉक तर त्यांनी तीनदा बंद-चालू करून पाहिला. गच्चीवर गेल्यावर ते म्हणाले, "इथून देऊळ दिसतं हे मला माहीत नव्हतं." ती म्हणाली, ते देऊळ नाही, पाण्याची टाकी आहे. मामा त्यावर मनापासून हसले. आणि बऱ्याच दिवसांनी मामीही.

पाइप तिने दुसऱ्या दिवशी दुरुस्त केला, पण भिंत फोडायला छिन्नी त्यांच्या हातात दिली. त्यांनी हवी त्याच्या दुप्पट भिंत फोडली. ती काही बोलली नाही. हे न बोलणं तिला पाइप जोडण्यापेक्षा जड गेलं.

गाडीच्या ब्रेकचं काम निघालं ते यानंतर लगेच. मागच्या चाकातल्या ब्रेकचं रबर झिजून त्यातलं ऑइल गळायला लागलं होतं. मामीने नवीन रबर घातलं, पण असं काम केलं की ब्रेकच्या नळीत हवा शिरते, आणि हवा शिरली की पेडल ओल्या मातीत पाय घातल्यासारखं भुसभुशीत लागतं. ती हवा काढायला माणसं दोन लागतात. एकाने गाडीत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने खाली चाकापाशी बसून निपल, म्हणजे हवा सोडायची बारीकशी तोटी, उघडायची, तिला लावलेल्या नळीतून बुडबुडे बाटलीत जाऊ द्यायचे, निपल बंद करायची, आणि मगच वरच्याने पाय सोडायचा. आधी सोडला, तर बाहेर गेलेली हवा पुन्हा आत. इतकी वर्षं पेडलवर लेक असायची.

"अहो, जरा गाडीत बसता का?" मामीने विचारलं.

मामा धावतच आले. बूट घालून आले. तिने त्यांना सगळं नीट समजावलं, त्यांनी मान डोलावली, आणि ती चाकाशी जाऊन बसली.

"हं, आता जरा पेडल दाबून घेता का तुम्ही? बरं, आता तसंच धरून ठेवा हं. आता सोडलंत तर हवा पुन्हा... अहो, नाही, थांबा, अजून नको होतं."

पहिल्यांदा त्यांनी 'सोडलंत' एवढंच ऐकून पाय काढला. दुसऱ्यांदा गल्लीतून इस्त्रीवाला गेला आणि जन्मभराच्या सवयीने मामा त्याला नमस्कार करायला वळले. हात वर गेला तसा पायही वर आला. तिसऱ्यांदा ती वाक्य पूर्ण करेपर्यंत त्यांना वाटलं झालंच असेल. बाटलीत बुडबुडे जात होते आणि जेवढे जात होते तेवढेच परत येत होते. चाकाशी उकिडवं बसून मामीच्या गुडघ्यांना मुंग्या आल्या होत्या. ब्रेकचं ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत आलं होतं. चौथ्यांदा तिने निपलवर पाना लावला आणि तिच्या तोंडून निघालं,

"दाब!"

मामांनी दाबलं.

"धर! धर, धर, धर... सोडू नकोस. हलू नकोस. हं. आता सोड!"

बाटलीत बुडबुड्यांची एक लांब माळ गेली आणि एकही परत आला नाही. मामीच्या लक्षात यायला तेवढा वेळ लागला. समोरच्या ओट्यावर हेडमास्तर पेपर वाचत होते, तो पेपर हळूहळू खाली आला.  लग्न झाल्यापासून तिने या माणसाला कधी एकेरी हाक मारली नव्हती. भांडणात नाही, आजारपणात नाही, लेक झाली त्या कळांमध्येसुद्धा नाही.

गाडीच्या खिडकीतून मामांचं डोकं बाहेर आलं. चेहऱ्यावर काय आहे ते तिला चाकापाशी बसून नीट दिसेना.

"अहो, ते तोंडातून... घाईत..."

"पुढचं म्हण," मामा म्हणाले. "पाय भरून येईल माझा. दाबू का?"

तिने मान खाली घातली. पाना निपलवर ठेवला. "दाब," ती जरा बारीक आवाजात म्हणाली.

"काय? ऐकू येत नाही."

"दाब!"

"दाबलं!"

"धर!"

"धरलं!"

दुसरं चाक झालं, तिसरं झालं, चौथ्यापर्यंत दोघांना अशी लय सापडली की इस्त्रीवाला परत जाताना थांबून बघत राहिला. मामांनी या वेळी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी त्यांनी पेडल दाबलं, आणि ते पायाखाली दगडासारखं घट्ट लागलं. ते दोन-तीनदा दाबून बघत राहिले. खिडकीतून त्यांचा आवाज आला, की हे आपण केलं का, आणि मामी म्हणाली, हो, आपणच.

हात धुताना ती ओशाळून पुन्हा काहीतरी म्हणणार होती. मामा टॉवेल घेऊन मागे उभे होते. ते म्हणाले, "मला आई गेल्यापासून कुणी एकेरी हाक मारली नव्हती. कंपनीत सर, गल्लीत मामा, घरात अहो. बरं वाटलं गं." आणि टॉवेल तिच्या खांद्यावर टाकून ते चहा टाकायला गेले. साखर कुठे आहे ते त्यांनी विचारलं नाही. पहिल्या डब्यात मीठ निघालं, दुसऱ्यात साखर.

पुढे ते तसंच पडत गेलं. घरात अहो-जाहो, गॅरेजच्या दाराआत अरे-तुरे. कुणी ठरवलं नाही. लेक माहेरी आली तेव्हा तिने आईला गाडीखालून "अरे, तो नाही, बाराचा दे" असं म्हणताना ऐकलं. आई कुणाशी बोलते आहे हे बघायला ती आली, आणि बाबांच्या हातात पाना बघून तशीच पाऊल न वाजवता मागे गेली. मामांना पाने ओळखायला बराच काळ लागला. बाराचा आणि तेराचा यांत ते शेवटपर्यंत चुकत. पण प्लग साफ करण्यात त्यांचा हात असा बसला, की मिस्त्रींनी एकदा बघून फक्त एकच शिवी दिली, म्हणजे कौतुकच केलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी चहा झाल्यावर दोघं ब्रेक तपासायला निघाले. मामा चालवत होते. गच्चीवरून दिसणाऱ्या त्या पाण्याच्या टाकीपासून खाली एक उतार आहे, सरळ आणि चांगला रुंद. मामी म्हणाली, सावकाश जा, मधेच दाबून बघा. मामांनी गाडी सोडली. उताराच्या मध्यावर एका बोळातून कुंड्यांची हातगाडी अचानक रस्त्यात आली. झेंडू, तुळस, आणि वर लटकत्या वेली. मामीचा पाय नसलेल्या पेडलवर आपोआप दाबला गेला. मामांनी असलेल्या पेडलवर दाबला. गाडी जागच्या जागी, नाक जरासं खाली करून, उभी राहिली. हातगाडीवाल्याने वरसुद्धा पाहिलं नाही. वेली हलवत तो पलीकडे निघून गेला.

मामीने छातीवरचा हात काढला. मामा स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून समोर बघत होते. मग त्यांनी गाडी फिरवली.

"कुठे?" तिने विचारलं.

"वर," मामा म्हणाले. "अजून एकदा थांबवून बघतो."

ते वर गेले आणि उतरले, आणि उताराच्या मध्यावर, समोर काही नसताना, गाडी पुन्हा उभी राहिली. मामी हसायला लागली. मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा गाडी फिरवली.